आत कोण, बाहेर कोण? : नेपथ्यकाराच्या नजरेतून नाट्यशास्त्र

जयंतीच्या निमित्ताने नावडे येथे महाडच्या सत्याग्रहावर नाटक बसवायचे ठरले आणि नेपथ्य माझ्याकडे आले. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि बरीच वर्षे विद्यार्थ्यांच्या व वस्तीतल्या नाटकांचे नेपथ्य करतो. पहिल्या बैठकीत मी पिशवीतून भरताच्या नाट्यशास्त्राचे भाषांतर बाहेर काढले, तेव्हा एक विद्यार्थी कार्यकर्ता उसळून म्हणाला, "सर, महाडला बाबासाहेबांनी ग्रंथ जाळला. आपण महाडच्या नाटकासाठी ग्रंथ वाचत बसायचं?"

मी म्हणालो, "जाळण्याआधी त्यांनी तो वाचला होता."

उत्तराने हशा झाला, पण प्रश्न मिटला नाही. तो मिटण्यासारखा नव्हताच. काही वर्षांपूर्वी एका नाट्यप्रशिक्षण वर्गात एका मान्यवर शिक्षकांनी मला अगदी उलट बाजूने हेच ऐकवले होते. नेपथ्यकाराने मोजपट्टी आणि हातोडी सांभाळावी, शास्त्राचे ओझे दिग्दर्शक वाहील, असे त्यांचे म्हणणे होते. एक म्हणतो, शास्त्र त्यांचे आहे, म्हणून शिवू नये. दुसरा म्हणतो, शास्त्र आमचे आहे, म्हणून तू शिवू नये. दोघांचे हेतू भिन्न आहेत, परंतु परिणाम एकच होतो : शास्त्र जिथे होते तिथेच राहते आणि आपला माणूस बांबू बांधत राहतो. म्हणून आपल्यातल्या नेपथ्यकाराने नाट्यशास्त्र आणि सौंदर्यशास्त्र का वाचावे आणि कसे वाचावे, हे थोडे विस्ताराने मांडणे मला गरजेचे वाटते.

प्रथम नेपथ्याच्या दर्जाचा प्रश्न घेऊ. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात शोकात्मिकेची सहा अंगे सांगितली : कथानक, स्वभाव, भाषा, विचार, दृश्य आणि संगीत. यांपैकी दृश्याला त्याने कलेच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्व दिले. दृश्याचा परिणाम मनावर होतो हे त्याला मान्य आहे, पण ते काम कवीपेक्षा सामान-सजावट करणाऱ्या कारागिराचे आहे, असे तो म्हणतो. ज्या समाजात हाताने काम करणारा गुलाम होता, त्या समाजात हे मत निर्माण व्हावे यात नवल नाही. डोक्याचे काम वर आणि हाताचे काम खाली, ही उतरंड आपल्याला अपरिचित नाही.

भरताचे नाट्यशास्त्र या बाबतीत वरकरणी अधिक उदार आहे. अभिनयाचे चार प्रकार ते सांगते : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. आहार्य म्हणजे वेष, अलंकार, रंगभूषा आणि रंगमंचावरच्या बनवलेल्या वस्तू, म्हणजे बाहेरून आणलेले सारे. एवढेच नव्हे, तर सर्व प्रयोग आहार्यावर उभा असतो असेही हा ग्रंथ सांगतो. नाटकमंडळींच्या यादीत मुकुट करणारा, दागिने घडवणारा, माळी, चित्रकार, रजक, कारागीर यांना स्थान आहे. मात्र याच ग्रंथाच्या शेवटाकडे कथा येते की, भरतपुत्रांनी प्रहसनातून ऋषींची थट्टा केली, म्हणून ऋषींनी त्यांना शूद्र होण्याचा शाप दिला. प्रयोग करणाऱ्या हातांचे कौतुक करायचे, परंतु त्या हातांनी वरच्यांकडे बोट दाखवले की त्यांचा दर्जा उतरवायचा, हा व्यवहार तेव्हापासूनचा आहे.

माझे वडील मंडपवाल्याकडे मजुरीला होते. लग्नाचे, पूजेचे, सभेचे मंडप ते बांधत. बांबू कुठे रोवायचा, काथ्याची गाठ कशी मारायची, छताचे कापड किती ताणायचे, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. पण मंडप उभा राहिला की पुष्कळदा त्यांची जागा त्या मंडपाबाहेर असे. नाट्यशास्त्राचा मंडपावरचा दुसरा अध्याय मी वाचला तो याच आठवणीसह.

त्या अध्यायाआधी पहिल्या अध्यायात रंगमंदिराच्या जन्माची कथा आहे. शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नाही, म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण करावा, अशी विनंती देव ब्रह्मदेवाला करतात आणि नाट्यवेद निर्माण होतो. सर्व वर्णांसाठी म्हणजे चार वर्णांसाठी. वर्णाबाहेर ज्यांना ठेवले, त्यांचा उल्लेखही नाही. पुढे इंद्राच्या ध्वजोत्सवात पहिला प्रयोग होतो. विषय असतो देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय. प्रेक्षकांत दैत्यही असतात. आपला पराभव असा रंगवलेला पाहून ते संतापतात आणि प्रयोग बंद पाडतात. इंद्र ध्वजाच्या काठीने, म्हणजे जर्जराने, त्यांना झोडपून काढतो. तरीही उपद्रव थांबत नाही, तेव्हा ब्रह्मदेव विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगतो आणि रक्षणासाठी त्याच्या प्रत्येक भागावर देवता बसवल्या जातात.

नेपथ्यकाराच्या नजरेने या कथेचा अर्थ लावा. रंगमंदिराची पहिली भिंत ऊन-पावसापासून संरक्षण म्हणून उभी राहिलेली नाही. आमचे चित्रण चुकीचे आहे असे म्हणणाऱ्यांपासून नाटक वाचवण्यासाठी ती उभी राहिली. ब्रह्मदेव नंतर दैत्यांची समजूत काढतो की, नाट्यात देव-दैत्य दोघांचेही शुभाशुभ दिसते, ते तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे. हे तत्त्व मोठे आहे आणि मी ते मोकळेपणाने मान्य करतो. पण तत्त्व सांगितले गेले ते भिंत बांधून झाल्यावर, हेही विसरता येत नाही.

दुसऱ्या अध्यायात मोजमाप आहे. मंडपाचे आकार तीन : लांबट, चौकोनी आणि त्रिकोणी. लहान-मोठेपणाच्या दृष्टीनेही तीन. त्यांपैकी माणसांसाठी सांगितलेला मध्यम लांबट मंडप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावा, म्हणजे हात दीड फुटाचा धरला तर ९६ फूट बाय ४८ फूट. अर्धा भाग प्रेक्षकांचा, अर्धा रंगमंच आणि नेपथ्यगृह यांचा. याहून मोठा मंडप नको, कारण त्यात आवाज विरून जातो आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. हा नियम कोणा धर्ममार्तंडाने घातलेला वाटत नाही. मैदानात उभे राहून ज्याने शेवटच्या रांगेतून नाटक ऐकण्याची धडपड केली, अशा अनुभवी माणसाचा तो नियम आहे.

पण याच अध्यायात पायाभरणीच्या वेळी कोणाला दूर हाकलावे याचीही यादी आहे : पाखंडी, काषाय वस्त्रे घातलेले आणि शरीराने विकल असलेले. काषाय वस्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिक्खूचे चीवर येते. मग चार वर्णांचे चार खांब उभे राहतात. ब्राह्मणस्तंभाचे सारे पांढरे, क्षत्रियस्तंभाचे तांबडे, वैश्यस्तंभाचे पिवळे, शूद्रस्तंभाचे निळे. ब्राह्मणस्तंभाच्या बुडाशी सोने टाकायचे, क्षत्रियस्तंभाच्या तांबे, वैश्यस्तंभाच्या रुपे, शूद्रस्तंभाच्या लोखंड. छत चौघांच्या डोक्यावर एकच आहे आणि भारही चौघेच पेलतात. पाया मात्र ज्याचा त्याचा वेगळा.

आता इतिहासाने यावर केलेली टिप्पणी पाहा. संस्कृत नाटकांची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी हस्तलिखिते मध्य आशियातील संशोधनात हाती आली आणि हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९११ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांत अश्वघोषाचे 'शारिपुत्रप्रकरण' आहे. अश्वघोष बौद्ध होता आणि नाटकाचा विषय शारिपुत्र व मौद्गल्यायन यांची धम्मदीक्षा हा आहे. ज्यांना पायाभरणीतून हाकलायला सांगितले, त्यांच्याच परंपरेचे नाटक काळाच्या उदरातून सर्वांत आधीचे म्हणून बाहेर आले. तेव्हा नाट्यपरंपरा त्यांची आणि आपण उपरे, हे म्हणणे आपण तरी करू नये.

आहार्यातील रंगभूषेकडे वळू. ब्राह्मण आणि क्षत्रिय गौर रंगवावेत, वैश्य आणि शूद्र श्याम रंगवावेत, असा नियम आहे. किरात, बर्बर, आंध्र, द्रमिल, पुलिंद यांना काळे रंगवावे असे सांगितले आहे. हे जुने झाले असे कोणी म्हणेल. पण गावोगावच्या स्पर्धांमध्ये मजुराची, आदिवासीची भूमिका असली की रंगभूषाकाराचा हात आपोआप काळ्या रंगाच्या डबीकडे जातो. त्याने नाट्यशास्त्र वाचलेले नसते. शास्त्र त्याच्या बोटांत उतरलेले असते. न वाचलेले शास्त्रच असे निमूटपणे राज्य करते आणि वाचलेल्या शास्त्राशी निदान भांडता येते. आमच्या नाटकातील एका मुलीने विचारले, "सर, मला काळा रंग लावणार का?" तेव्हा मी तिला हे सारे सांगितले आणि सर्वांनी आपापल्या मूळ रंगानेच उभे राहायचे असे ठरले.

एवढे वाचून ग्रंथ मिटला असता तर माझे काम अर्धेच झाले असते. कारण त्यात एक विलक्षण उपयोगाची गोष्ट आहे, तिचे नाव कक्ष्याविभाग. रंगमंचाची जागा निरनिराळ्या कक्ष्यांत, म्हणजे स्थळांत, विभागलेली मानायची. पात्राने मंचावर फेरी मारली की स्थळ बदलले. घर, रान, नगर, दूरचा प्रवास, हे सारे चालण्याने दाखवायचे. पडदा नको, भिंत नको. याला नाट्यधर्मी, म्हणजे संकेताने चालणारी, पद्धत म्हणतात. जसे आहे तसे दाखवणारी ती लोकधर्मी.

आपल्या लोकांना हे नवे आहे काय? तमाशातल्या गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात तेव्हा मथुरेची वाट त्याच चार फळ्यांवर असते. ती कला ज्यांनी शतकानुशतके जगवली त्यांत महार, मांग, कोल्हाटी समाजांचे कलावंत अग्रभागी होते. आंबेडकरी जलशात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी उघड्या जागेत सावकाराचा वाडा आणि पाणवठा उभा करत, तो शब्दांनी आणि चालण्याने. अण्णाभाऊ साठे यांनी गणातला गणपती बाजूला सारून मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केले, म्हणजे रंगमंचाच्या रक्षणासाठी बसवलेल्या देवताच बदलल्या. जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' १८५५ चे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, म्हणून ते तेव्हा रंगमंचापर्यंत पोचू शकले नाही. त्यात जोशी गरोदर कुणबी बाईला फसवतो आणि विदूषक मधेमधे येऊन प्रेक्षकांना त्या फसवणुकीची फोड करून सांगतो. या विदूषकाला घराची भिंत आडवी येत नाही. नेपथ्यकाराने त्याला भिंत घातली तर नाटक मरेल.

कक्ष्याविभागात आणखी एक नियम आहे आणि त्याने मला अनेक दिवस झोपू दिले नाही. मंचावर जे आधी प्रवेश करतात ते आतले समजावेत आणि जे नंतर येतात ते बाहेरचे समजावेत. साधा रंगसंकेत आहे. पण गावकुसाबाहेर ज्याची आजी जन्मली त्याला 'आतले' आणि 'बाहेरचे' हे शब्द साधे वाटू शकत नाहीत. आत-बाहेर हे जन्माने ठरत नाही, प्रवेशाच्या क्रमाने ठरते, असे खुद्द शास्त्रच सांगते आहे. आणि तो क्रम नेपथ्यकार व दिग्दर्शक यांच्या हाती आहे.

महाडच्या नाटकाची संहिता प्रथम अशी होती : पडदा उघडतो, सवर्ण मंडळी तळ्याकाठी आहेत, मग अस्पृश्यांचा मोर्चा येतो. कित्येक नाटकांत हे असेच असते. प्रेक्षकाच्या मनात नकळत ठसते की तळे त्यांचे आणि आलेले लोक परके. आम्ही क्रम उलटा केला. सत्याग्रही पहिल्यापासून मंचावर आहेत. बसलेले, बोलणारे, भाकरी खाणारे. तळे त्यांच्या पुढ्यात आहे. काठ्या घेऊन येणारे नंतर येतात, बाहेरून येतात. संवाद एकही बदलला नाही. तालमीला आलेले एक वयस्क गृहस्थ एवढेच म्हणाले, "आता तेच घुसखोर दिसतात." शास्त्र कशाला वाचायचे, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

दुसरा वाद तळ्यावरून झाला. मुलांना थर्मोकोलचे तळे आणि निळे कापड हवे होते. कोणी वस्तीचे दृश्य म्हणून फाटक्या गोणपाटाची झोपडीही सुचवली. येथे सौंदर्यशास्त्राचा प्रश्न येतो. आपले दारिद्र्य हुबेहूब मांडले म्हणजे ते सत्य होते काय? ज्याने ते भोगलेले नाही त्याला त्या झोपडीत एक रंगीत चित्र दिसते, हळहळ वाटते, आणि हळहळ हाही एक आस्वादच ठरतो. शरद पाटील यांनी १९८८ मध्ये 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' लिहिले आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ मध्ये आले. मार्ग वेगळे असले तरी सौंदर्य ही समाजापासून सुटी वस्तू नाही, हा मुद्दा दोघांनीही ठासून मांडला. तो मुद्दा कवितेइतकाच लाकूड, कापड आणि प्रकाश यांनाही लागू आहे. कोणती वस्तू प्रेक्षकाला केवळ पाहायला लावते आणि कोणती त्याला उत्तर द्यायला भाग पाडते, हे नेपथ्यकाराला ठरवावे लागते.

नेपथ्यकाराने सिद्धांत मांडावा याला मराठीत मोठा दाखला आहे. द. ग. गोडसे (१९१४–१९९२) चित्रकार होते, त्यांनी शंभराहून अधिक नाटकांचे नेपथ्य केले आणि १९६३ मध्ये 'पोत' हे पुस्तक लिहिले. पोत हा कापडाचा शब्द, विणकराचा शब्द. तो त्यांनी कलामीमांसेत आणून बसवला. त्यांच्या सर्वच निष्कर्षांशी आपण सहमत व्हावे असे नाही. पण सिद्धांताची भाषा कारागिराच्या हातातून येऊ शकते, हे त्यांनी दाखवले. विणकराच्या शब्दातून सौंदर्यविचार होऊ शकतो, तर चर्मकाराच्या, बुरुडाच्या, मंडप बांधणाऱ्याच्या शब्दांतून का होऊ नये? बुरुड ज्याला वीण म्हणतो, मंडपवाला ज्याला ताण म्हणतो, त्यांत रचनेचा विचार आहेच. तो लिहिला गेलेला नाही, इतकेच.

दुसरे उदाहरण गोवर्धन पांचाळ यांचे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकवणाऱ्या या नेपथ्यकाराने भरताचा मंडप समजून घेण्यासाठी केरळमधील कूत्तंबलम्, म्हणजे देवळांच्या आवारातील नाट्यगृहे, अभ्यासली. त्या अभ्यासाची मला किंमत आहे. मात्र ती नाट्यगृहे देवळाच्या आवारात होती, आणि त्या आवारात अवर्णांना पाऊल टाकता येत नव्हते. त्रावणकोरमध्ये मंदिरप्रवेशाची घोषणा व्हायला १९३६ साल उजाडले. कूडियाट्टम् ही कला देवळाबाहेर आणण्याचे धाडस करणाऱ्यांत पैंकुळम् राम चाक्यार होते. लाकडी खांबांच्या कोरीवकामाचे सौंदर्य वर्णन करताना त्या उंबरठ्याचीही नोंद हवी. उंबरठा हा नेपथ्याचाच भाग आहे.

आमच्या तळ्याचे शेवटी असे झाले. चित्र नाही, कापड नाही. मंचाच्या पुढे दोन पायऱ्या केल्या. पायऱ्यांखाली प्रेक्षक बसलेले. सत्याग्रही पायऱ्या उतरतात आणि प्रेक्षकांच्या दिशेने ओंजळ वाकवतात. तळे म्हणजे समोर बसलेला समाज. तो पाणी देतो की नाही, हे त्याने ठरवायचे.

मंचावर चार बांबू होते. पहिल्या अंकात ते परिषदेच्या मंडपाचे खांब. चौघांना एकाच पांढऱ्या कापडाचा तुकडा. शेवटच्या प्रवेशात, म्हणजे २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री, तेच चार बांबू जवळ येतात. महाडच्या मनुस्मृतिदहनाची जी वर्णने आहेत त्यांत सुमारे सहा इंच खोल आणि दीड फूट लांब-रुंद खड्डा, त्यात चंदनाची लाकडे, चार कोपऱ्यांना चार खांब आणि तीन बाजूंना फलक असे सांगितले आहे. ते वर्णन मी पूर्वी कितीतरी वेळा वाचले होते. नाट्यशास्त्रातले चार वर्णस्तंभ वाचल्यानंतर मात्र ते नेपथ्याच्या आराखड्यासारखे दिसले. चार खांबांच्या मधोमध ग्रंथाचीच आहुती आणि फलक तीन बाजूंना. चौथी बाजू लोकांसाठी मोकळी ठेवली असावी, असे मला वाटते. कुणा नाटकवाल्याने सांगितले नसताना आपल्या कार्यकर्त्यांनी उभारलेली ती रचना होती.

प्रयोगात चुकाही झाल्या आणि त्या नोंदवणे हे माझे कर्तव्य आहे. खुर्च्यांची शेवटची रांग आम्ही ३२ हातांच्या, म्हणजे ४८ फुटांच्या आत ठेवली होती. उशिरा आलेले बरेच लोक त्यामागे उभे राहिले. मुंब्रा-पनवेल रस्त्यावर तळोज्याच्या कारखान्यांचे ट्रक रात्रीही थांबत नाहीत आणि दिवा-पनवेल मार्गावरून गाडी गेली की सारे संवाद वाहून जातात. मागच्यांना निम्मे नाटक ऐकू आले नाही. ध्वनिवर्धक होता, पण तो एकाच जागी. मागे उभे होते ते बहुतेक कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेले कामगार. म्हणजे ज्यांच्यासाठी नाटक, तेच पुन्हा बाहेर राहिले. मोजमापाचा नियम कोरडा वाटतो, पण तो मोडला की बाहेर कोण पडते, हे त्या रात्री दिसले. पुढच्या प्रयोगाची वेळ आता पाळीच्या वेळापत्रकावरून ठरवणार आहोत आणि मंच मध्यभागी घेऊन चारही बाजूंना बसवणार आहोत.

मित्रांनो, कोणताही नाट्यग्रंथ हाती आला की आपल्या नेपथ्यकाराने त्याला तीन प्रश्न विचारावेत. यात कोण आत आहे आणि कोण बाहेर? यात काम कोणाचे आहे आणि मान कोणाला आहे? यातले कोणते हत्यार आपल्या हाती उलटे धरता येईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे संताप आणतील. त्या संतापात तिसरा प्रश्न विसरू नये. बैठकीत उसळलेला तो विद्यार्थी पुढच्या नाटकाचे नेपथ्य करणार आहे. परवा तो घरी आला आणि ग्रंथ मागून घेऊन गेला. जाताना माझी मोजपट्टीही घेऊन गेला.